लाल गोळी आणि किडनी: खुलासा

"आशाताई देतात त्या लाल गोळीतलं लोह रक्तवाहिन्यांत गंजतं अन् किडनी खातं," असा मेसेज सध्या आमच्या परभणीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. हे खोटं आहे. गरोदरपणातल्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. आतडं त्यातलं थोडंच घेतं, उरलेलं शौचावाटे जातं. म्हणूनच शौचाला काळी होते (घाबरून गोळ्या उकिरड्यावर टाकू नका!).

मेसेजमध्ये अर्धं सत्य घुसलंय. चुकीच्या गटाचं रक्त चढलं, मलेरिया बळावला, की तांबड्या पेशी फुटतात. त्यातून सुटलेलं हीम (हिमोग्लोबिनमधला लोह धरून ठेवणारा भाग) रक्तवाहिन्यांच्या अस्तराला आणि किडनीच्या नलिकांना इजा करतं. एरवी हॅप्टोग्लोबिन, हिमोपेक्सिन ही प्रथिनं सांडलेला माल लगेच गोळा करतात. गोळीतलं लोह म्हणजे हे हीम नव्हे.

उलट, किडनीच्या अनेक रुग्णांना डॉक्टरच लोह देतात. थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर मात्र विचारूनच घ्या.