पूज्य मानले म्हणजे जपले असे नव्हे

‘पौर्वात्य धर्मांनी निसर्गाला देव मानले म्हणून तो जपला गेला, ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या धर्मांनी माणसाला सृष्टीचा मालक केले म्हणून तिचा नाश झाला’, हा दावा हल्ली वारंवार वाचायला मिळतो. पुराव्यादाखल इतिहासकार लिन व्हाइट यांच्या १९६७ च्या लेखाचा हवाला दिला जातो. परंतु पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर दोष ठेवणाऱ्या त्याच लेखात त्यांनी ख्रिस्ती परंपरेतीलच, पशुपक्ष्यांना भावंडे मानणाऱ्या असिसीच्या संत फ्रान्सिस यांचा आदर्श पुढे ठेवला होता, हे सांगितले जात नाही.

मालकीचा आरोप बायबलमधील ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायावर उभा आहे, जिथे पृथ्वी सत्तेखाली आणण्याची आज्ञा आहे. मात्र दुसऱ्याच अध्यायात माणसाला बागेची मशागत आणि राखण करायला ठेवले आहे. पुढे बायबलमधलेच नियमशास्त्र दर सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायला सांगते आणि शत्रूच्या नगराला वेढा घातलेला असतानाही फळझाडे तोडण्यास मनाई करते. इस्लाममध्येही माणूस हा खलीफा, म्हणजे प्रतिनिधी आहे, आणि राखीव कुरणांची ‘हिमा’ ही अरबस्तानातील जुनी पद्धत त्या धर्माने लोकहितासाठी पुढे चालवली.

दाव्याचा पहिला भाग मला अधिक घातक वाटतो, कारण तो आपल्याला निर्धास्त करतो. गंगेला माता मानणाऱ्या समाजाला १९८६ साली तिच्या शुद्धीकरणासाठी सरकारी योजना हाती घ्यावी लागली आणि आजही तिच्यात मैला मिसळतो. हे श्रद्धा आटल्यामुळे झालेले नाही. जी नदी सर्वांची पापे धुते ती स्वतः अपवित्र कशी होईल, असे मनापासून मानणाऱ्या भाविकाला प्रदूषणाचा इशारा हा तिच्या पावित्र्यावर घेतलेला आक्षेप वाटू शकतो. पावित्र्य आणि स्वच्छता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मग कोणी बोलत नाही. चीनमध्ये निसर्गाशी एकरूप होण्याची शिकवण शतकानुशतके होती, तरी जंगले तुटली आणि बौद्ध मंदिरांच्या बांधकामालाही त्यांतलेच लाकूड लागले. उलट, धर्म नाकारणाऱ्या सोव्हिएत राजवटीने कापसासाठी नद्यांचे पाणी वळवून अरल समुद्र आटवला.

धर्माचा प्रभाव पडत नाही, असे माझे म्हणणे नाही. १७३० साली राजस्थानातील खेजडली येथे राजाची माणसे झाडे तोडायला आली, तेव्हा ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले, असे त्या समाजात सांगितले जाते. हिरवे झाड तोडू नये, हा त्यांच्या २९ नियमांपैकी एक नियम आहे, आणि तो राजालाही लागू आहे, असे ते मानत होते.