अण्णाभाऊंनी गरिबी फुगवलेली नाही

अण्णाभाऊ साठेंवरचा एक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. १ ऑगस्टच्या जयंतीला माझ्या भाचीला कॉलेजात बोलायचंय, तिच्यापर्यंतही तो पोचला. ‘मामा, हे खरं हाय का?’ असं तिनं विचारल्यापासून डोकं तापलंय. मेसेजचं म्हणणं: त्यांची ‘फकिरा’ कादंबरी दरोडेखोरीचा गौरव करते, अण्णाभाऊंनी गरिबी फुगवली आणि ते कम्युनिस्ट पक्षाचे प्रचारक होते.

यातला पहिला मुद्दा सगळ्यात घातक. फकिरा धान्य लुटतो ते मांगवाड्यात माणसं उपाशी मरायला लागल्यावर, आणि ते वाटून टाकतो. काहीही करून जगा, असं त्या माणसांना सांगणारा तर गावचा विष्णुपंत कुलकर्णी आहे! इंग्रजांनी १८७१ पासून कायदे करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. कसलाही गुन्हा न केलेल्या माणसानं रोज हजेरी द्यायची, चुकली की शिक्षा. निदान कोल्हापूरकरानं तरी हे विसरू नये. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरडांची हजेरी बंद केली. जे मोडायला छत्रपतींना हुकूम काढावा लागला, ते कादंबरीकाराच्या कल्पनेतलं कसं?

राहिली गरिबी. ‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा वारणाकाठचा, म्हणजे आपल्याच शेजारचा. मुंबईत खाणीवर राबतो. खाण बंद पडते तसा मसणवट्यात राख चाळून सोनं शोधतो, मग प्रेतं उकरायला लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून तो प्रेताच्या तोंडात बोटं घालतो, ती जबड्यात अडकतात. दोन बोटं जातात, आणि त्याच दिवशी कळतं की खाण पुन्हा सुरू झाली. हे लिहिणारा बापाबरोबर वाटेगावहून पायी मुंबईला गेला होता, गिरणीत राबला होता, चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिला होता. त्यांचे नायक अचाट असतात, योगायोगही फार, एवढं कबूल. पण भुकेचा तपशील वाढवलेला मला तरी कुठं सापडला नाही.

कम्युनिस्ट ते होतेच, लपवलं कधी? १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. पण ‘फकिरा’ अर्पण केली ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. आणि ती नुसती पक्षाचं पत्रक असती, तर १९६१ मध्ये काँग्रेसच्या राज्य सरकारनं तिला पुरस्कार दिला असता का?