उपाशीच आहे, फक्त चहा घेतलाय

"सिस्टर, उपाशीच आहे हो. फक्त चहा घेतलाय."

गेली अकरा वर्षं मी हे वाक्य ऐकतेय आणि अजून मला त्यावर पटकन उत्तर सुचत नाही. ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूला एका हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला आहे मी, नाव सांगत नाही कारण नोकरी अजून करायचीय, होम लोनचे हप्ते आहेत. तर सकाळी सातला ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून फोन येतो, पेशंट पाठवा, मी गाऊन घालायला जाते, सहज विचारते की रात्रीपासून काही खाल्लं नाही ना, तर समोरचा माणूस अगदी निरागसपणे मान हलवतो आणि मग ते वाक्य टाकतो. मी म्हणते अहो काका चहा नको म्हटलं होतं ना, तर म्हणतात, "चहा खाल्ला असं कोण म्हणतं का, चहा पितात." आता ह्याला काय बोलणार, व्याकरण त्यांच्या बाजूने आहे.

मला हळूहळू कळलं की घोळ मराठीतच आहे. आपल्याकडे "खाणं" म्हणजे पोळीभाजी, वरणभात. बाकी सगळं "असंच". दोन खारी चहात बुडवून घेतल्या तर त्या चहाच्या खात्यात जातात. शहाळ्याचं पाणी म्हणजे तर औषधच. पान खाल्लं हे क्रियापद "खाणं" असूनही खाणं नाही. एक बाई पहाटे पाचला मिश्री लावून बसल्या होत्या, मी विचारलं तर म्हणाल्या दात घासले फक्त, आता दात पण नको घासू का. आणि एका पेशंटच्या सासूबाईंनी देवाचं तीर्थ पाजलं, वर थोडा पेढा, मी ओरडले तर म्हणतात कशा, "देवाच्या नावाने दिलंय, त्याने काही होत नसतं." भूलतज्ज्ञ मॅडमना मी हे कसं सांगायचं, की मॅडम पोटात पेढा आहे पण तो धार्मिक आहे?

आणि हे आम्ही उगाच छळायला सांगत नाही हो. भूल दिली की माणसाचं घशावरचं कंट्रोल जातं, पोटात जे असेल ते उलटून वर येतं आणि श्वासनळीतून थेट फुफ्फुसात जाऊ शकतं. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सला असताना पाठ केलं होतं, मेंडेल्सन नावाच्या डॉक्टरांनी १९४६ साली हे लिहून ठेवलं, बाळंतपणात भूल दिलेल्या बायकांच्या केसेस बघून. म्हणून साधं जेवण किमान सहा तास आधी बंद, तळलेलं तुपकट असेल तर आठ तास, आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, त्याला पण सहा तास. म्हणजे "फक्त चहा" ने अख्खी ओटीची लिस्ट उलटीपालटी होते, सर्जन माझ्यावर ओरडतात आणि पेशंटचे नातेवाईक पण माझ्यावरच ओरडतात की सकाळपासून माणूस उपाशी ठेवलाय.

पण खरा कळस केला तो नौपाड्याच्या काकांनी. हर्नियाचं ऑपरेशन, सकाळी नऊची वेळ. आदल्या रात्री मी स्वतः सांगितलं, काका उद्या उपाशी राहायचं हं. काका एकदम खूश, म्हणाले, "अजिबात काळजी करू नका, उद्या संकष्टी आहे, माझा तसाही कडक उपवास असतो." मी मनात म्हटलं वा, असे समजूतदार पेशंट हवेत, आणि निवांत झाले, ही माझी चूक. सकाळी साडेसहाला काकू स्टीलचा डबा घेऊन हजर. मी तेव्हा शेजारच्या रूममध्ये ड्रेसिंग करत होते, परत आले तर पूर्ण वॉर्डात जिरं आणि शेंगदाण्याच्या कुटाचा वास. साबुदाण्याची खिचडी! साजूक तुपातली, वर बटाटा, बाजूला दह्याची वाटी. मी दारातच थिजले. काकू म्हणाल्या, "अहो उपासाचीच आहे, मिरची पण कमी घातलीय." काका म्हणाले, "दोनच चमचे घेतले." डबा रिकामा होता.

मग काय, भूलतज्ज्ञ मॅडम आल्या, त्यांनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आठ तास मोजून ऑपरेशन दुपारी शेवटच्या नंबरला ढकललं. माझी रात्रीची ड्यूटी सकाळी आठला संपते पण त्या दिवशी सगळे फॉर्म परत भरता भरता साडेदहा झाले. बाकीची कथा संध्याकाळच्या सिस्टरने सांगितली. काकांना रिकव्हरीत शुद्ध आली, मॅडमनी विचारलं काका कसं वाटतंय, नाव सांगा बघू, तर काकांनी डोळे अर्धवट उघडून विचारलं, "चंद्र उगवला का?"

तसे काका गोड होते, त्यांच्यावर राग धरता येत नाही. राग कोणाचा येतो सांगू, तर सलाईनच्या चाकाला हात लावणाऱ्या भाच्यांचा. प्रत्येक पेशंटला एक भाचा असतो. त्याला मेडिकलमधलं सगळं कळतं. एकदा मी पोटॅशियम घातलेलं सलाईन लावलं होतं, अर्धा लिटर, आठ तासात द्यायचं, म्हणजे आमच्या साध्या सेटवर मिनिटाला साधारण २१ थेंब, मी घड्याळ लावून मोजून ठेवलेलं. वीस मिनिटांनी येऊन बघते तर नळ सोडल्यासारखी धार! भाचा म्हणाला, "फार स्लो चाललेलं, मी जरा स्पीड वाढवला, मामीला पाचच्या आत घरी न्यायचंय ना, नंतर माजिवड्याला ट्रॅफिक लागतं." पोटॅशियम भसकन गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात हो. मी ते बंद केलं, आरएमओला, म्हणजे वॉर्डच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांना बोलावलं, ईसीजी काढला, मामी ठणठणीत, भाचा माझ्यावरच नाराज की एवढं काय झालं. त्या दिवसापासून मी पोटॅशियमच्या बाटलीवर लाल मार्करने फुली मारते आणि भाच्यांना खाली औषधं आणायला पाठवते, शक्यतो दोनदा.

सलाईनचं प्रेम मात्र सगळ्यांना. काही झालेलं नसलं तरी, सिस्टर एक बाटली लावा ना, ताकद येते. साध्या सलाईनच्या अर्धा लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे चहाच्या चमच्याला जरा कमीच, बाकी पाणी. हे मी एका आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, मग मला मोठी बाटली लावा.

शुगरवाले वेगळेच. तपासणीच्या आधी दोन दिवस कारल्याचा रस पिऊन येतात, उपाशीपोटीची शुगर छान येते, आणि मग एचबीएवनसी नावाची रक्ताची तपासणी करायला सांगितली की चेहरा पडतो. त्याला मी सीसीटीव्ही म्हणते, दोन-तीन महिन्यांचं फुटेज निघतं त्यात, गणपतीतल्या मोदकांसकट. एक वहिनी रिपोर्ट बघून नवऱ्याला म्हणाल्या, "म्हणजे तलावपाळीला वॉकला जायचास तेव्हा नुसतं वॉक नव्हतं तर." मी तिथून सटकले.

पण ह्या सगळ्याहून जास्त अपमान सकाळच्या राउंडला होतो. रात्रभर पेशंट बेल वाजवतो. सिस्टर पोटात दुखतंय, सिस्टर मळमळतंय, सिस्टर झोप नाही. दहापैकी किती दुखतंय विचारलं तर दहा म्हणतो, आणि वेफर्सचं पाकीट फोडतो. मी चार वेळा आरएमओंना उठवते, सगळं चार्टवर लिहिते, सकाळी मोठे डॉक्टर येतात, विचारतात कसं काय, आणि हाच माणूस उशीवर सरळ होऊन म्हणतो, "एकदम मस्त, डॉक्टर! रात्री छान झोप लागली." डॉक्टर माझा चार्ट बघतात, मग माझ्याकडे, आणि मला वाटतं की मी हे सगळं स्वप्नात लिहिलं की काय. डॉक्टर दाराबाहेर गेले की तो हळूच बोलावतो, "सिस्टर, ते पोटाचं सांगायचं राहिलं." हा काय प्रकार आहे मला कळलेलं नाही. खरं फक्त आमच्या मावशींना सांगतात, ज्या लादी पुसतात त्यांना. कोणाला ॲलर्जी आहे, कोण बाथरूममध्ये सिगरेट ओढतो, कोणाच्या उशीखाली फरसाण आहे, सगळं मावशींना माहीत. ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती, म्हणजे हॅन्डओव्हर, मी आता आधी मावशींकडून घेते मग सिस्टरकडून.

उलटे पण असतात. चेंदणी कोळीवाड्याच्या एक आजी होत्या, बाथरूममध्ये पडून आल्या, पाय बघूनच कळत होतं की खुबा मोडलाय. आजी, दहापैकी किती? "काय नाय गो पोरी, थोरं दुखतंय." रात्रभर एकदा बेल नाही. तीनला मी स्वतः गेले तर डोळे मिटून, दात आवळून, पदराचा बोळा तोंडात. मी म्हटलं आजी बेल का नाही वाजवली, तर म्हणाल्या तू झोपली असशील ना. मी इंजेक्शन दिलं आणि तिथेच पाच मिनिटं बसले. अशांवर तर मला जास्त राग येतो, वेफर्सवाल्याच्या दसपट.

खिचडी प्रकरणानंतर इनचार्ज सिस्टर म्हणाल्या की आपलंच चुकतंय. आणि ते खरं होतं. आम्ही बेडच्या मागे पाटी लावायचो "एनबीएम", इंग्रजीत, म्हणजे "निल बाय माउथ", तोंडाने काही नाही. एका पेशंटला ती डॉक्टरांची डिग्री वाटायची. म्हणून मी मराठीत मोठा कागद लिहिला, "ऑपरेशनआधी तोंडाने काहीही नाही", आणि खाली, सिस्टरने सांगितल्याशिवाय पाणीसुद्धा नाही. आठवड्याने "चहा" लिहावं लागलं. मग "चहात बुडवलेलं". मग "उपासाचं", "तीर्थ-प्रसाद", "पान, तंबाखू, मिश्री", "शहाळं", "च्युइंगम". कागद संपला, दुसरा चिकटवला. प्रत्येक शब्दामागे एक माणूस आहे, नवीन सिस्टर आली की मी तिला तो कागद किल्ल्याच्या गाईडसारखा समजावून सांगते.

मागच्या सोमवारी एक तरुण मुलगा आला, अपेंडिक्स. आयटीवाला, चष्मा, नीट बोलणारा. मी म्हटलं बाबा ते वाच आधी. त्याने उभं राहून वरपासून खालपर्यंत दोन्ही कागद वाचले, मान डोलावली, परत एकदा वाचले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, ह्यात उसाचा रस नाही लिहिलेला."

मी खिशातून मार्कर काढला.