डॅम्पर बदलला म्हणजे थरथर गेली? खुलासा

गोव्यातल्या जिमनी-जिप्सीवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: 'सत्तर-ऐंशीच्या वेगात स्टिअरिंग थडथडलं तर नवा स्टिअरिंग डॅम्पर टाका, काम तमाम.' हे अर्धसत्य आहे. डॅम्पर म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यांना लावलेला तेलाचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर. तो झटका शोषतो, सांध्यांची ढिलाई दूर करत नाही. नवा बसवला की थरथर काही दिवस दबते, मग जुवारी पुलाच्या एखाद्या सांध्यावर चाक आपटलं की पुन्हा सुरू.

जुना डॅम्पर काढून हाताने आत-बाहेर ओढा. तेल गळत असेल किंवा मध्येच दांडा मोकळा सरकत असेल तरच तो गेला.

खरा शोध पुढच्या अ‍ॅक्सलवर घ्यायचा. चाकं जमिनीवर ठेवून एकाने स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवावं, दुसऱ्याने पॅनहार्ड रॉडच्या (अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा; तो जिमनीत असतो, लीफ स्प्रिंगच्या जिप्सीत नाही) टोकांवर आणि टाय रॉडच्या (पुढची चाकं जोडणारा स्टिअरिंगचा दांडा) सांध्यांवर हात ठेवावा. बुशमधली (टोकातलं रबरी अस्तर) 'टक' बोटांना लगेच कळते. मग चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ, म्हणजे सैलपणा, असेल तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा: खेळ थांबला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं ती खीळ). कुळेच्या बाजूने ओढ्यांतून गाडी घालणाऱ्यांनी किंगपिन आधी बघावं. सील फाटलं की पाणी आणि लाल चिखल थेट बेअरिंगमध्ये. टायरचं बॅलन्सिंग तर त्याहून स्वस्त, ते पहिलं करा.

पॅनहार्डचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचा, नाहीतर नवा बुश पिळून फाटतो.

2020 च्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं हलतं) आहे, तिथे ही पॅनहार्डची भानगडच नाही.

चालत्या गाडीत थरथर सुटली तर जोरात ब्रेक नको. स्टिअरिंग घट्ट धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, वेग उतरू द्या.