‘क्लायंट नाही तर केस स्टडी नाही’ हे म्हणणं का पटत नाही

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला तीन जणांनी पाठवला: रत्नागिरीचा एक मुलगा, गुहागरचा एक आणि कुडाळची एक मुलगी. तिघंही यूएक्स डिझाइन (वेबसाइट किंवा ॲप वापरायला सोपं करण्याचं काम) शिकतायत, पोर्टफोलिओ म्हणजे दाखवायच्या कामांचा संग्रह जमवतायत, आणि तिघांनीही खाली तेच विचारलं, “सर, मग आम्ही करतोय ते सगळं फुकटच का?”

मेसेजचा सारांश असा. क्लायंट नाही तर केस स्टडी नाही, म्हणजे पैसे देणाऱ्याचं खरं काम नसेल तर ‘हे काम मी असं केलं’ म्हणून पोर्टफोलिओत मांडण्यासारखं काही नाही. सरावासाठी एखाद्या वेबसाइटचं रीडिझाइन करणं, म्हणजे तिची मांडणी नव्याने काढणं, हे नुसतं रंगकाम. खऱ्या अडचणी तुम्हाला बाहेरून कळत नाहीत. दाखवायला निकाल नसतो. मुलाखतीत असली कामं कुणी उघडून बघत नाही. तेव्हा गावात बसून वेळ घालवू नका, मुंबई-पुण्यात जाऊन मिळेल ती इंटर्नशिप धरा.

मी देवगड तालुक्यात राहतो आणि बारा वर्षं हेच काम करतो. माझा पहिला पोर्टफोलिओ सगळा सरावाच्या कामांवर उभा होता. मुलांचं अवसान गेलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

रंगकामाचा आरोप आधी घेऊ, कारण तो निम्मा खरा आहे. एखादं गाजलेलं सिनेमा बघायचं ॲप घ्यायचं, पडदा काळा करायचा, कोपरे गोल करायचे, फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन दिवसांत बारा स्क्रीन काढायच्या आणि खाली ‘रीडिझाइन’ लिहायचं. असे पोर्टफोलिओ मी ढिगाने बघितलेत आणि त्यांत बघण्यासारखं खरंच काही नसतं. पण त्यात उणीव आहे ती वापरणाऱ्या माणसाची. ती वेबसाइट वापरताना एखादा जण कुठे अडला, हे करणाऱ्याने स्वतः पाहिलेलंच नसतं. पैसे देणारा क्लायंट मिळाला तरी ही उणीव आपोआप भरून निघत नाही. क्लायंट असलेली कितीतरी कामंही रंगकामच असतात.

माझं पहिलं सरावाचं काम शेजारच्या वाडीतल्या एका बागायतदार काकांच्या आंबाविक्रीच्या वेबसाइटचं. कुणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं. ओळखीतल्या पाच जणांना एकेक करून बसवलं आणि म्हटलं, पाच डझन हापूस मागवून दाखवा, फक्त पैसे भरू नका. दादरची मावशी सुट्टीत आली होती. आंब्याच्या फोटोखाली एक चौकट, चौकटीत ‘१’, बाजूला अधिक-उणेची खूण. मावशीचं बोट तिथेच थांबलं. “एक म्हणजे काय रे? एक डझन की एक पेटी?” मग तिने आपल्या हिशोबाने पाच केले, कारण तिला पाच डझन हवे होते. खालची रक्कम एकदम कुठल्या कुठे गेली, कारण तो आकडा पेट्यांचा होता. मावशीने फोन उपडा ठेवला आणि म्हणाली, “त्यापेक्षा काकांना फोन लाव.”

पाचपैकी तिघं त्याच चौकटीत अडकले. तोवर मी त्या वेबसाइटसाठी सुंदर पिवळ्या रंगाची मांडणी काढून बसलो होतो. पिवळी अक्षरं, पांढरी पाटी, ओटीवरच्या उजेडात एकालाही वाचता आली नाहीत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५:१ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिका-गडदपणातला फरक हवा, असं वेबच्या ॲक्सेसिबिलिटीच्या (कमी दिसणाऱ्यांसकट सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या) नियमांत साध्या आकाराच्या अक्षरांसाठी लिहिलेलं आहे. ते मी वाचलं होतं. पटलं त्या दिवशी.

आता अडचणींचा मुद्दा. बाहेरच्याला आतलं कळत नाही, हे बरोबर आहे. याचं गाजलेलं उदाहरण २००९ सालचं. डस्टिन कर्टिस या डिझायनरने अमेरिकन एअरलाइन्सच्या वेबसाइटवर जाहीर टीका करून मुखपृष्ठाचं रीडिझाइन स्वतःहून मांडलं. त्या कंपनीतल्या एका यूएक्स डिझायनरने त्याला उत्तर लिहिलं, की वेगवेगळ्या विभागांतली किमान दोनशे माणसं त्या वेबसाइटला हात लावतात आणि मुखपृष्ठ नव्याने काढणं हा त्यातला सोपा भाग आहे. उत्तर लिहिल्याबद्दल त्याची नोकरी गेली, हे फार वाईट झालं. पण यावरून ‘सराव करू नका’ असं कसं निघतं? निघतं एवढंच, की ज्या वेबसाइटच्या मालकापर्यंत तुम्ही पोचू शकता ती निवडा. विमान कंपनीचा अधिकारी तुम्हाला भेटणार नाही. आंब्याचे काका भेटतात, चहाही पाजतात.

मला त्यांनी अडचण सांगितली ती अशी. मी मोठ्या हौसेने ‘कोणत्या तारखेला आंबे हवेत’ म्हणून कॅलेंडर काढलं होतं. काकांनी ते बघितलं, हसले. “आंबो काय कॅलेंडर बघून पिकता रे?” मग समजावून सांगितलं. मोहोर कधी येईल, अवेळी पाऊस लागेल का, तोड कधी होईल, काही हातात नाही. तोडलेलं फळ पेंढ्याच्या आढीत घातल्यावर तयार व्हायला आठ-दहा दिवस, उकाडा वाढला तर त्याआधीच. पेटीत किती डझन बसणार तेसुद्धा फळाच्या आकारावर. पाव तासात माझ्या तीन स्क्रीन बाद झाल्या. कॅलेंडर काढून तिथे ‘पुढची तोड’ आणि ‘तोडीनंतर साधारण किती दिवसांत तयार’ अशा दोन ओळी आल्या. खऱ्या अडचणी अशा कळतात, आणि त्यासाठी कुणी तुम्हाला नेमलेलं असावं लागत नाही.

निकाल नसतो म्हणतात. इथे मुलं घाबरून एक चूक करतात, ‘विक्री ४० टक्क्यांनी वाढली’ असे आकडे मनानेच ठोकतात. तसं कृपा करून कधीही करू नका. एका प्रश्नात ते उघडं पडतं. तुमच्याकडे प्रामाणिक निकाल असतोच: जुन्या मांडणीत पाचपैकी दोघांना जमलं, नवीन मांडणीत पाचपैकी चौघांना, आणि पाचवी व्यक्ती कुठे अडली ते हे. एवढं लिहा. वेबसाइट वापरायला किती सोपी आहे याचा अभ्यास करणारे तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी २००० साली गणित मांडलं होतं, की पाच जणांवर चाचणी केली तर वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. त्यावर पुढे वाद झाले, सगळ्याच कामांना ते लागू पडत नाही. पण छोट्या वेबसाइटवर सुरुवात करायला पाच माणसं पुरतात, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

मुलाखतीत कुणी बघत नाही, हे सरळ चूक. मी स्वतः मुलाखती घेतो आणि बघतो. मात्र प्रकल्पाच्या पहिल्याच ओळीत ‘सराव प्रकल्प, कंपनीशी संबंध नाही’ असं लिहिलेलं हवं. मी विचारतो ते एवढंच: काय काढून टाकलंत, आणि का?

कुडाळच्या मुलीच्या कामाबद्दल सांगतो. तिने एका घरगुती निवासाच्या वेबसाइटची मराठी बाजू घेतली होती. इंग्रजी साच्यात शीर्षकाच्या अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडलेली. तीच मराठीला लावल्यावर शिरोरेषा तुटली आणि ‘समुद्रकिनारा’ या शब्दाची सुटी अक्षरं झाली. ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्या मापाचं, त्यामुळे खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडत होती. तिने दोन्ही मापं बदलली, आधीचं-नंतरचं शेजारी ठेवलं आणि आजीकडून मोठ्याने वाचून घेतलं. मोठमोठ्या कंपन्यांत काम केलेल्यांच्या पोर्टफोलिओतही देवनागरीकडे इतकं बारकाईने बघितलेलं मला क्वचितच दिसतं.

राहिला मुंबई-पुण्याचा मुद्दा. इंटर्नशिप मिळत असेल तर जरूर जा, माझा विरोध नाही. पण वापरणारी माणसं तिकडेच असतात, हे खोटं. मे महिन्यात आणि गणपतीत अख्खी मुंबई आपल्या ओटीवर येऊन बसते. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा घराघरांत फोनवर काय झटापट चालते ती बघा. होमस्टे, पर्यटकांच्या होड्या, जेट्टीवरची फेरीबोट, काजूगर, कोकम, शाळेचं प्रवेशपत्रक. प्रत्येकाची कुठे ना कुठे अर्धवट वेबसाइट आहे आणि प्रत्येकाचा मालक हाकेच्या अंतरावर आहे.

काकांनी माझी मांडणी वेबसाइटवर कधीच चढवली नाही. त्यांची वेबसाइट बनवणारा माणूस गाव सोडून गेला होता. पण पुढच्या मार्चमध्ये त्यांचा गिऱ्हाइकांना जाणारा व्हॉट्सॲप मेसेज मावशीने मला पुढे पाठवला. त्यात लिहिलं होतं: ‘१ पेटी = ५ डझन. तोड झाली. आठ-दहा दिवसांत तयार.’