आठ कोरांचं एकमत

काल संध्याकाळी लावलेलं सिम्युलेशन आज सकाळच्या चहापर्यंत चालूच होतं. तेही चाललं असतं. पण ते सरांच्या नजरेस पडलं.

"अजून? आणि एकच कोर? बाकीचे सात काय माशा मारतायत?"

दोष कोरचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या गणित करणाऱ्या भागाचा, नव्हताच. आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत प्रत्येक फेरीचं उत्तर आरबाइंड या ओळी जोडणाऱ्या फंक्शनने टेबलाच्या शेपटाला चिकटवलं की दर वेळी आधीचं अख्खं टेबल नव्याने कॉपी होतं. १०,००० फेऱ्यांत ओळींच्या सुमारे ५ कोटी नकला! एक पाहुणा आला म्हणून दर वेळी बिऱ्हाड हलवायचं, त्यातली गत. १०,००० ओळींची रिकामी मॅट्रिक्स आधीच मांडून भरत गेलं की हे थांबतं. शिवाय एलएम, म्हणजे रेषीय मॉडेल बसवणारं फंक्शन, दर फेरीला फॉर्म्युला पहिल्यापासून वाचतो. मॉडेलला दिलेले एक्स, म्हणजे कारक आकडे, तेच असतील तर त्यांची डिझाइन मॅट्रिक्स एकदाच बनवून थेट एलएम डॉट फिट या नुसतं गणित करणाऱ्या फंक्शनला द्यावी. (कोड मूळचा माझा नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.)

एवढं दुरुस्त करून मी टपरीवर गेलो. तेवढ्यात सरांनी स्वहस्ते आठ कोर लावले. परतलो तर पडद्यावर सिम्युलेशनचं उत्तर, म्हणजे एक प्रमाण: ०.०५३१. आठ वेळा.

"बघ! आठही जणांचं एकमत! याला म्हणतात अचूकता."

सेट डॉट सीड १२३, म्हणजे रँडम आकडे कुठून सुरू करायचे हे ठरवणारी ओळ, फंक्शनच्या आत. म्हणजे आठही कोर तेच रँडम आकडे ओढणार. आठ पोरांनी एकाच वहीवरून उतरवलेला गृहपाठ. पर्याय साधा आहे: आरएनजीकाइंड या फंक्शनमध्ये लेक्युयेचा रँडम आकड्यांचा जनरेटर निवडायचा आणि सीड बाहेर, एकदाच देऊन प्रत्येक कोरला स्वतंत्र स्ट्रीम, म्हणजे आकड्यांची वेगळी मालिका, वाटायची. हे सांगितल्यावर सर गंभीर झाले.

"म्हणजे उत्तरं वेगवेगळी येणार? मग क्लायंटला कुठलं सांगायचं?"

"सर, सरासरी."

"छे! यापेक्षा एकमत बरं."

स्लाइडवर हिरव्या अक्षरांत चढलं: फेऱ्या ८०,०००, प्रमाण त्रुटी (उत्तर किती डगमगू शकतं याचं माप) ०.०००८. खऱ्या फेऱ्या १०,०००, म्हणजे ५ टक्क्यांच्या आसपासच्या प्रमाणाला त्रुटी ०.००२२. आठपट फेऱ्या खरोखर केल्या तरी त्रुटी आठाच्या वर्गमुळाइतकीच, पावणेतीनपट घटते. इथे तर ती नुसत्या टायपिंगनेच घटली. आणि त्या स्लाइडखाली नाव माझं.

दुपारी स्ट्रीम वाटून पुन्हा चालवलं. ०.०५०८, ०.०४७९, ०.०५२३... सरांनी चष्मा वर केला.

"हे जरा विस्कळीत दिसतंय रे. सकाळचंच पाठवलंय मी."