आठ अटी आणि एक मागणं

राष्ट्रगीताला कोण उभं राहिलं, कोण नाही, यावर भारतात वाद पेटायला वेळ लागत नाही. ३० नोव्हेंबर २०१६ला सर्वोच्च न्यायालयाने सिनेमाआधी राष्ट्रगीत बंधनकारक केलं आणि जानेवारी २०१८मध्ये तेच ऐच्छिक ठरवलं. ब्रिटनमध्येही एके काळी सिनेमाचा खेळ संपला की राष्ट्रगीत वाजायचं. लोक त्याआधीच घाईने बाहेर पडू लागले आणि प्रथा विरत गेली. त्यामुळे कोणाची देशभक्ती आटली नाही. लंडनमधून पाहताना मला वाटतं, आपण उभे राहिलेले मोजतो आणि देशासाठी मागायचं काय, हे बाजूला राहतं.

ते कसं मागावं हे रवींद्रनाथांच्या १९०१च्या ‘नैवेद्य’मधल्या ७२व्या कवितेत आहे: ‘चित्त जेथा भयशून्य, उच्च जेथा शिर’. चौदा ओळी, पण वाक्य एकच. ‘जेथा’ म्हणजे ‘जिथे’ आठ वेळा येतं, म्हणजे आठ अटी. निर्भय मन आणि ताठ मान, मुक्त ज्ञान, जगाचे तुकडे न करणाऱ्या घराच्या भिंती, हृदयातून उसळणारी वाणी, दिशादिशांना धावणारं कर्म, विचाराचा प्रवाह न गिळणारी क्षुद्र आचारांची वाळू. शेवटची अट ईश्वराच्या नेतृत्वाची. देश पारतंत्र्यात होता, तरी इंग्रजांचा उल्लेख एकदाही नाही. बोट सगळं आपल्याकडेच आहे, आणि मला ही कविता म्हणूनच मोठी वाटते.

परदेशातल्या १५ ऑगस्टच्या कार्यक्रमांत मुलं बहुधा तिचं इंग्रजी रूप म्हणतात. ते १९१२मध्ये लंडनला छापलेल्या इंग्रजी ‘गीतांजली’त ३५वं आहे. त्यात मुळातला एक तुकडा नाही. बंगालीत कवी म्हणतो, हे पित्या, स्वतःच्या हाताने निर्दय आघात करून भारताला त्या स्वर्गात जागं कर. आघात गळला की प्रार्थना गोड होते आणि तिची धग जाते. म्हणून मूळ बंगाली आधी म्हणावं. शब्द बहुतेक संस्कृत असल्याने मराठी कानाला जड जात नाही.

म्हणताना चूक होते ती यमकावर थांबण्याची. ओळ चौदा अक्षरांची आहे, आठांवर हलकी यती, म्हणजे क्षणभराचा थांबा, आणि पुढे सहा. पण अर्थ ओळीपाशी संपत नाही. दुसरी ओळ ‘गृहेर प्राचीर’वर संपते आणि त्या भिंतींनी काय केलं नाही ते चौथ्या ओळीत कळतं. दुसरीच्या शेवटी थांबलात तर भिंती अधांतरी राहतात. श्वास विरामचिन्हाला घ्यावा, आवाज बाराव्या ओळीपर्यंत राखून ठेवावा, कारण ‘करो जागरित’ हे मागणं थेट चौदाव्या ओळीत येतं. त्याआधीच टिपेला पोचलात तर अटींनाच टाळ्या पडतात.

आणि भारतातल्या भयावर इथून बोलणं आम्हाला सोपं आहे. त्याची किंमत आम्हाला मोजावी लागत नाही. आम्ही आधी भिंतींकडे पाहावं. ब्रिटनच्या समता कायद्यात जातिभेदाचा स्पष्ट समावेश करण्याचं बंधन संसदेने २०१३मध्ये सरकारवर घातलं. इथल्याच काही भारतीय संघटनांनी त्याला जोरदार विरोध केला. २०१८मध्ये सरकारने वेगळी तरतूद करणार नसल्याचं जाहीर केलं. क्षुद्र आचारांच्या त्या वाळूवर इथल्या मंडळांत चर्चा व्हायला हवी, आणि १५ ऑगस्टच्या कार्यक्रमात पाहुण्यांच्या भाषणांना कात्री लावून तिला अर्धा तास मिळायला हवा.